आपल्या मातीची झाडे

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी काहीतरी लिहावे, असा आग्रह चिटणीसबाईंनी धरला, तेव्हा मला संकोच वाटला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चूल, मुले व सणवार यांतच आजवरचे आयुष्य गेले. परंतु यंदा मंडळाने गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत एक्कावन्न झाडे लावण्याचे ठरविले, आणि कोणती झाडे लावावीत यावरून आपल्या सभेत दोन मते पडली. काही जणींचे म्हणणे, लवकर वाढणारी, रंगीत फुलांची झाडे लावावीत, म्हणजे दोन-तीन वर्षांत शोभा दिसेल. काही जणींचे म्हणणे, वड, निंब, पळस यांसारखी आपलीच झाडे लावावीत. निर्णय पुढच्या सभेवर गेला. तेवढ्या अवधीत, आपल्या खानदेशात आजवर कोणी, केव्हा व कशासाठी झाडे लावली आणि तोडली, याची माहिती मी वाचनालयातून, मुलीच्या पुस्तकांतून आणि जाणत्या माणसांना विचारून गोळा केली. तीच येथे मांडते.

आपल्या गावाचे नाव घेतले की आधी एरंडच तोंडात येतो, आणि मराठीत म्हण आहे की ओसाड गावी एरंड बळी. जेथे मोठे झाड उरलेले नाही, तेथे एरंडच वृक्षराज ठरतो. मला वाटते, खानदेशातील झाडांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास या एका म्हणीत आहे. जमीन उघडी पडली की जे पटकन उगवेल त्याचे कौतुक होते; मग ते टिकेल की नाही, पाखराला बसायला व गुराला खायला काही देईल की नाही, हे विचारायला कोणी थांबत नाही.

पूर्वी तसे नव्हते. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आपल्या शिलास्तंभावर कोरून ठेवले आहे की, माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून आपण रस्त्यांच्या कडेने वड लावले आणि आमराया लावल्या. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाने वाटसरूचा विचार केला आणि त्याबरोबर त्याच्या बैलाचाही केला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे मराठेशाहीत रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी आज्ञापत्र लिहिले. त्यात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचा उपदेश आहे. आंबा-फणसाची लाकडे आरमाराच्या कामाची असली तरी त्यांना हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊनच तोडावे, असा त्याचा आशय आहे. झाड वाढविणाऱ्याचे दुःख ज्या राज्याला कळत होते, ते राज्य किती शहाणे असेल! पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी वाटांवर विहिरी खोदल्या व झाडे लावली, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या काळी लावली जाणारी झाडे म्हणजे वड, पिंपळ, उंबर, निंब, आंबा, चिंच. रोपवाटिका नव्हत्या, टँकर नव्हते. एकदा जीव धरला की पुढे आपल्या बळावर जगेल, असेच झाड लोक लावीत.

मग दिवस फिरले. १८०३-०४ च्या दुष्काळाने व लढायांनी खानदेश उजाड झाला. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आला. १८६० नंतरच्या दशकात आपल्या जळगाव-भुसावळवरून लोहमार्ग गेला. त्या काळी रुळांखाली लाकडी स्लीपर घालीत, आणि देशभर लोहमार्गांसाठी जंगले तुटली. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्या काळ्या जमिनीत कापसाचे पीक नामी येते. पैशाच्या लोभाने माळरान, झाडी, कुरणे मोडून शेते झाली. पुढे १८७८ चा व नंतर १९२७ चा असे जंगलाचे कायदे आले. त्यांनी जंगल सरकारचे झाले आणि सातपुड्यातले भिल्ल, पावरा बांधव, ज्यांना कोणत्या झाडाचे काय होते हे पाठ होते, ते आपल्याच रानात परके झाले. सरकारला हवे होते सागाचे लाकूड. मोह, चारोळी, टेंभुर्णी, सालई, धावडा यांची किंमत त्या वहीत कमी होती.

याच काळात परदेशी शोभेची झाडे साहेबांच्या बंगल्यांतून व बागांतून आली. गुलमोहर हा मूळचा आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावरचा. पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेकडचा. निलगिरी ऑस्ट्रेलियाची. ज्या काटेरी झाडाला आपण वेडी बाभूळ म्हणतो, तेही अमेरिका खंडातलेच. ते एकोणिसाव्या शतकात सरपणासाठी व उजाड जमीन झाकण्यासाठी आणले गेले. आता काढू म्हटले तरी निघत नाही.

स्वातंत्र्य मिळाले. जुलै १९५० मध्ये त्या वेळचे केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. शाळेतील मुले रोपे घेऊन मिरवणुकीने जाऊ लागली. हेतू फार चांगला होता. १९७२ च्या दुष्काळाने मात्र सर्वांचे डोळे उघडले. गुरांना चारा नाही, चुलीला लाकूड नाही, विहिरी कोरड्या. मग झटपट वाढणाऱ्या झाडांचा शोध सुरू झाला. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाई यांच्या संस्थेने सुबाभळीचा प्रसार केला. सुबाभूळ मध्य अमेरिकेकडची. १९८२ पासून राज्यात सामाजिक वनीकरणाचे काम सुरू झाले. माळावर, रस्त्याकडेला, बांधावर सुबाभूळ, निलगिरी व उंदीरमारी म्हणजे गिरिपुष्प यांच्या रांगा उभ्या राहिल्या. या झाडांनी काहीच दिले नाही असे म्हणणे कृतघ्नपणा होईल. सुबाभळीने शेळ्यांना पाला दिला, चुलीला जळण दिले. ते दिवसच गरजेचे होते. पण गरज भागली आणि सवय तशीच राहिली. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्याने अनुक्रमे ४, १३ व ३३ कोटी, मिळून ५० कोटी झाडांचा संकल्प केला. आकडा ऐकून छाती दडपते. परंतु सून घरात आणताना आपण नुसती मोजणी करतो काय? घराणे पाहतो, स्वभाव पाहतो. झाडाच्या बाबतीत मात्र फक्त किती, एवढेच विचारले जाते. कोणते व कोठे, हे मागे राहते.

आमच्याच आळीतील गोष्ट सांगते. रस्ता रुंद करण्यासाठी एक जुना निंब तोडला. त्या निंबाला आखाजीला झोके बांधले जात. माहेरी आलेल्या पोरी त्यावर गाणी म्हणत. बदल्यात एका कार्यालयाने रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात कोनोकार्पस नावाची हिरवीगार झाडे लावली. दोन वर्षांत ती डोक्यावर गेली. दिसायला सुरेख, पण त्यावर चिमणीचे घरटे मी अजून पाहिले नाही, आणि झोका तर दूरच. हे झाड आफ्रिका-अरबस्तानाकडच्या किनाऱ्याचे. शेजारच्या गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, असे वाचले तेव्हा मला आळीतला निंब आठवला.

आता कोणी विचारील, देशी तरी कोणाला म्हणायचे? प्रश्न रास्त आहे. आपली चिंच मुळात आफ्रिकेची. एरंडही तिकडचाच. सीताफळ, मिरची, भुईमूग अमेरिकेतून आले. चिंच शेकडो वर्षे येथे राहिली, आपल्या आमटीत उतरली, वाटसरूला सावली देती झाली. तिला कोण परकी म्हणेल? तेव्हा नुसत्या जन्मगावावरून हिणविणे मला पसंत नाही. परंतु जी झाडे या मातीत हजारो वर्षे आपणहून उगवत आली, त्यांच्याभोवती एक गोतावळा जमलेला असतो, आणि तो विकत मिळत नाही. आपण कढीपत्त्यावरची हिरवी अळी झटकून टाकतो ना? तिचेच पुढे सुंदर फुलपाखरू होते. बेलावरही तेच फुलपाखरू अंडी घालते. बहाव्याच्या पानांवर दुसरे पिवळसर फुलपाखरू वाढते. त्यांच्या अळ्यांना वाटेल त्या झाडाचा पाला चालत नाही.

उंबराचे तर काय सांगावे! उंबर फोडून केंबरे दाखवू नयेत, असे आपण म्हणतो. ती केंबरे म्हणजे उंबराच्या पोटात राहणारे बारीक कीटक. उंबराची फुले फळाच्या आत दडलेली असतात, म्हणून तर उंबराचे फूल कोणाला दिसत नाही. हा कीटक आत शिरतो, तेव्हाच त्या फुलांत बी धरते. वडाचा कीटक निराळा, पिंपळाचा निराळा, उंबराचा निराळा. आणि ही फळे रानात दुसरे काही नसते तेव्हाही पाखरांना मिळतात. आपल्या आज्यांनी वड, पिंपळ, उंबर तोडायचे नाहीत असा दंडक घातला, त्यात केवढे शहाणपण होते!

भगिनींनो, मला या लेखात मुख्यतः हेच सांगावयाचे आहे. झाडांची जी यादी सरकारी वहीतून गेली, ती आपल्या बायकांच्या व्रतवैकल्यांत जपून राहिली आहे. वर्षप्रतिपदेला निंबाचा पाला. आखाजीला आंबा. ज्येष्ठ पौर्णिमेला वड. श्रावणी सोमवारी बेल. गणपतीला एकवीस पत्री. त्यांत शमी आहे, अर्जुन आहे, बोर आहे, पिंपळ आहे, हादगा आहे, आणि आघाडा व डोरली यांसारखी रानझुडपेही आहेत. आपल्या पद्मालयाच्या गणपतीला जाणाऱ्या भगिनींना हे निराळे सांगायला नको. दसऱ्याला आपटा. कार्तिकात आवळीखाली भोजन. होळीच्या रंगाला पळसाची फुले व पंगतीला पळसाच्या पत्रावळी. या यादीत गुलमोहर नाही, निलगिरी नाही. कोणा पंडिताने बसून ती केली असेल किंवा नसेल; पण तिच्यामुळे प्रत्येक पिढीतल्या मुलीला पंधरा-वीस झाडे ओळखता येत होती. आज पत्री बाजारात विकत मिळते, तीही अर्धी खोटी. आपट्याऐवजी कांचनाची पाने देतात. वडाची कोवळी डहाळी तोडून आणून घरात कुंडीत खोचून पुजतात. सावित्रीने वडाखाली नवऱ्याचे प्राण मिळविले, आणि आपण नवऱ्याच्या आयुष्यासाठी वडाचे हात तोडतो! झाडे गेली तर ही व्रते नुसती नावाची उरतील, आणि आपल्या नातींना झाडांची नावेही उरणार नाहीत.

देवाच्या नावाने राखलेल्या रानाची गोष्टही अशीच आहे. आपल्या राज्यातील देवरायांचा अभ्यास वा. द. वर्तक व माधव गाडगीळ या विद्वानांनी १९७० च्या दशकात केला आणि जुनी रानझाडे तेथे टिकून आहेत हे जगापुढे मांडले. जपानमध्ये अकिरा मियावाकी (१९२८-२०२१) नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेले. मूळचे जंगल कसे होते हे शोधताना त्यांनाही देवळांभोवतीची राखलेली झाडीच उपयोगी पडली. तेथे जी झाडे दिसली, त्याच जातींची रोपे त्यांनी दाट लावली.

आणि आफ्रिकेतील केनिया देशात तर आपल्यासारख्याच बायकांनी हे काम केले. वांगारी मथाई या बाईंनी १९७७ मध्ये तेथे हरितपट्टा चळवळ सुरू केली. लहानपणी त्यांच्या आईने त्यांना सांगितले होते की, वडाच्या कुळातील त्या एका झाडाच्या काटक्या सरपणाला आणायच्या नाहीत. ते देवाचे झाड आहे. पुढे ते झाड तोडले गेले आणि त्याजवळचा झराही आटला, असे त्यांनी लिहिले आहे. शेतावर राबणाऱ्या बायकांना सरकारी अधिकाऱ्यांचे रोपवाटिकेचे धडे कळेनात. तेव्हा मथाईबाईंनी सांगितले, जसे शेतात दाणे पेरता तसेच बी पेरा, आपली अक्कल वापरा. त्या बायकांनी तीन कोटींहून अधिक झाडे लावली. २००४ साली मथाईबाईंना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे वाचले तेव्हा सातवी शिकलेल्या मला फार धीर आला.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तेथील डोंगर उघडे पडले होते. १९९० नंतर चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी ठरविले की जंगलात कुऱ्हाड चालवायची नाही. चालविली तर दंड. राखण गावानेच करायची. नवीन लावण्यापेक्षा उरलेल्या खोडांना व मुळांना फुटू दिले, एवढीच त्यांची युक्ती. चारशे हेक्टरांहून अधिक जंगल पुन्हा उभे राहिले. पाणी वाढले. तेथे बायका रानभाज्यांची स्पर्धा भरवितात आणि त्यांत कितीतरी तऱ्हेच्या भाज्या मांडल्या जातात. २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या रानाचा धडा असा की, मातीत अजून जीव असेल तर ती आपली झाडे विसरत नाही. तिला सवड मात्र द्यावी लागते.

आता आपल्या एक्कावन्न झाडांचे पाहू. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो. सावली लागते ती तेव्हा. गुलमोहर ऐन चैत्रात बोडका असतो. निंब, करंज व पिंपळ यांना त्याच सुमारास कोवळी पालवी येते. म्हणून रस्त्याच्या व शाळेच्या बाजूला निंब आणि करंज घ्यावेत. आपल्या अंजनी नदीच्या अंगाला, जेथे ओल राहते, तेथे अर्जुन, जांभूळ, उंबर व करंज. मुरमाड, उतरत्या भागात पळस, बोर, खैर, हिवर, आपटा आणि अंजन. अंजन हे आपल्या खानदेशच्या कोरड्या रानाचे खास झाड. पान आपट्यासारखे जोडीचे, लाकूड लोखंडासारखे, पाला गुरांना आवडता. ते वाढते हळू, कारण आधी मूळ खोल नेते आणि मगच वर पाहते. संसारात पडलेल्या बाईला हे झाड लगेच कळेल. शोभा हवी ना? मग बहावा लावा. ग्रीष्मात त्याची पिवळी झुंबरे पाहून गुलमोहराची आठवणही होणार नाही. आणि मध्यभागी एकच वड, भरपूर जागा सोडून. घराच्या परसात वड-पिंपळ लावू नये, भिंती फुटतात. तेथे शेवगा, कढीपत्ता, आवळा, बेल पुरे.

रोपे विकत आणण्याची गरज नाही. निंबाची निंबोळी पिकून पडली की पंधरा-वीस दिवसांच्या आत पेरावी, पुढे तिची उगवण जाते. जांभळाची आठळीही ताजी असतानाच लावावी. बहाव्याचे बी कठीण असते. त्याला थोडे घासून, गरम पाण्यात रात्रभर भिजवावे. अंजनाचे व पळसाचे बी शक्यतो जागेवरच पेरावे, कारण त्यांचे लांब मूळ हलविलेले सोसत नाही. वडाची मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडाशी रोवली तर फुटते. तेव्हा येत्या वटपौर्णिमेला डहाळ्या विकत घेण्याऐवजी, जाणत्या माणसाच्या हातून अशी एक फांदी रीतसर आणून, मंडळातर्फे ती रोवावी आणि पुढच्या वर्षापासून तिलाच सूत गुंडाळावे, असे मला सुचवावेसे वाटते.

माझी सूचना थोडक्यात अशी. प्रत्येक सभासद भगिनीने एक झाड आपले मानावे. दुधाच्या रिकाम्या पिशवीत माती-शेणखत भरून घरीच त्याचे रोप करावे. अंजन किंवा पळस वाट्याला आला, तर जागेवर बी पेरून भोवती काट्यांचे कुंपण करावे. आणि पहिली तीन वर्षे, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, पाळीपाळीने पाणी घालावे. लावण्याचा फोटो सर्वांनाच हवा असतो. तिसऱ्या वैशाखात पाण्याची कळशी घेऊन कोण जाते, यावरच झाड ठरते. ज्या भगिनींना फुलांची हौस आहे, त्यांनी मंडळाच्या फाटकाशी खुशाल एक गुलमोहर लावावा. त्यावरून भांडण नको. पण उरलेली पन्नास आपल्या मातीची असावीत.

माझी ही सूचना पुढच्या सभेत मांडली जावी, अशी चिटणीसबाईंना विनंती आहे. कोणाला झाडांच्या नावांत किंवा जागेत काही बदल सुचत असेल, तर त्यांनी अवश्य सांगावा. निंबोळ्या ज्येष्ठात गळू लागतात. त्याआधी ठरले, म्हणजे बरे.